हातात मावणारा रंधा

श्रावण सरून भाद्रपद लागला, म्हणजे मुरगूडच्या जुन्या घरांतील दारे कुरकुरू लागतात. सह्याद्रीकडून वाहत येणाऱ्या वेदगंगेच्या काठचे हे गाव. पावसाळ्याच्या चार महिन्यांत येथील हवेत ओलावा सतत भरून राहिलेला असतो. चैत्रात बोटाने ढकलले तरी लागणारे कवाड आता खांद्याचा रेटा दिल्यावाचून चौकटीत बसत नाही. गौरी-गणपतीला पाहुणे यावयाचे असतात, आणि माजघराचे दार मात्र अर्ध्यावर अडून राहिलेले असते. मग सुताराकडे निरोप जातो.

सुतार येतो, पण आल्याबरोबर हत्यार काढीत नाही. तो प्रथम दार दोन-चार वेळा हळूच उघडून लावून पाहतो, चौकट आणि कवाड यांच्या फटीतून कागदाचा तुकडा फिरवितो, आणि दार नेमके कोठे अडते ते शोधून काढतो. या पाहण्याला फार महत्त्व आहे. लाकूड ओलाव्याने फुगते हे सर्वांना ठाऊक असते. परंतु ते सर्व बाजूंनी सारखे फुगत नाही. झाडाच्या खोडात जे तंतू उभे वाढलेले असतात, त्यांच्या लांबीच्या दिशेने लाकडात जवळजवळ काहीच फरक पडत नाही. फरक पडतो तो तंतूंच्या आडव्या दिशेने. त्यातही खोडाच्या वर्तुळांच्या कडेकडेने होणारी वाढ ही गाभ्याकडून सालीकडे होणाऱ्या वाढीच्या साधारण दुप्पट असते. ७५ सेंटिमीटर रुंदीचे कवाड शेकडा अर्ध्या भागाने जरी फुगले, तरी ती वाढ पावणेचार मिलिमीटर होते, आणि चौकटीतील फट तेवढी क्वचितच असते. म्हणून पावसाळ्यात दार अडते ते बहुधा कडीच्या बाजूच्या उभ्या कडेला. ते जर वरच्या बाजूला, कोपऱ्यापाशी अडत असेल, तर दोष पावसाचा नव्हे. तेथे बिजागरीचे स्क्रू सैल होऊन कवाड खाली झुकलेले असते. अशा वेळी पुष्कळदा स्क्रू घट्ट करण्याने काम भागते. लाकूड तासावे लागतच नाही. ज्याला हे कळत नाही तो उगीच कवाडाची वरची कड तासून बसतो, आणि पुढच्या वैशाखात त्या जागी बोटभर फट दिसू लागते. तासलेले लाकूड पुन्हा जोडता येत नाही.

परंतु काही वेळा तासण्यावाचून गत्यंतर नसते. चौकटच जुनी होऊन कलली असेल, तर कवाडाचा वरचा कोपरा थोडा उतरवावाच लागतो. येथे लहान रंध्याचे काम सुरू होते, आणि येथेच चांगल्या सागवानी कवाडाचा नाश होण्याचा संभवही सर्वांत अधिक असतो. जुन्या कवाडाच्या तोडीचे पक्व सागवान आज सहजी मिळत नाही, आणि मिळाले तरी त्याची किंमत सामान्य कुटुंबाला झेपण्यासारखी नसते. कोपऱ्याची एक मोठी चिरफळी निघाली, तर आजोबांच्या काळच्या दाराला कायमचे ठिगळ लागते.

चिरफळी का निघते हे समजण्यासाठी कडब्याची पेंढी डोळ्यांपुढे आणावी. पेंढीच्या बाजूवरून ताटांच्या लांबीने विळा ओढला, तर तो सरकत जातो. तोच विळा पेंढीच्या बुडख्यांवरून आडवा ओढला, म्हणजे प्रत्येक ताट तुटताना थोडे वाकते. पलीकडच्या कडेच्या ताटांना तर पाठीमागून आधारच नसल्यामुळे ती तुटण्याऐवजी बाहेर फाकतात. लाकडाचेही असेच आहे. फळीचा लांब पृष्ठभाग म्हणजे पेंढीची बाजू, आणि करवतीने कापलेले टोक म्हणजे तिची बुडखे. कवाडाच्या दोन्ही कडांना ज्या उभ्या पट्ट्या असतात, त्यांची टोके वरच्या बाजूला उघडी असतात. रंधा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे नेला, की अगदी शेवटी, जेथे पलीकडे लाकूड संपलेले असते तेथे, तंतू फाकून कोपरा उडतो.

लाकूड गुळगुळीत करण्याचे हे हत्यार फार जुने आहे. इटलीतील पाँपेई हे नगर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. तेथील उत्खननात रोमन सुतारांचे रंधे सापडले आहेत, आणि त्यांची घडण आजच्या रंध्याहून मुळात वेगळी नाही. एक ठोकळा, त्याच्या पोटात तिरपी बसविलेली पोलादी पात, आणि पात घट्ट धरणारी पाचर, एवढ्यात रंधा आला. रंधा हा शब्द मराठीत फारशीतून आला. फारशीत 'रंदे' म्हणजे रंधा तसेच किसणीही. किसणीवर खोबरे किसताना जे होते तेच रंध्याखाली लाकडाचे होते हे पाहिले, म्हणजे ते नाव किती समर्पक आहे हे ध्यानात येते. सुतार हा शब्द मात्र अस्सल आपला, सूत्र धरणारा या अर्थाचा. सूत धरून रेघ मारणे हे त्याचे पहिले काम, आणि त्या रेघेपर्यंत लाकूड आणून ठेवणे हे दुसरे.

मोठा रंधा आणि लहान रंधा यांतील भेद केवळ आकाराचा नाही. लांब फळी सरळ करावयाची असते तेव्हा अर्धा मीटर किंवा त्याहून अधिक लांबीचा रंधा वापरतात. त्याचा लांब तळ खाचखळग्यांवरून बैलगाडीच्या मोठ्या चाकासारखा जातो. तो खळग्यात उतरत नाही, आणि म्हणून उंचवटेच तेवढे कापले जातात. लहान रंध्याचा तळ अवघा १५ सेंटिमीटरांच्या आसपास असतो. तो खळग्यात उतरतो, उंचवट्यावर चढतो. त्याने लांब फळी सरळ होणे कठीण. पण तो एका तळहातात मावतो. धातूचा असला तरी त्याचे वजन पाऊण किलोच्या आसपास. डाव्या हाताने काम धरावे, उजव्या हाताने रंधा चालवावा, अशी त्याची सोय आहे. जमिनीवर बसून पायाच्या बोटांत लाकूड धरून काम करण्याची आपल्या सुतारांची जी जुनी रीत आहे, तिला तो विशेष सोयीचा पडतो.

लहान रंध्याची खरी खुबी त्याच्या पात्यात आहे. मोठ्या रंध्यात पाते साधारण ४५ अंशांच्या कलाने बसविलेले असते आणि धारेचा तासलेला उतार खालच्या बाजूस असतो. धातूच्या लहान रंध्यात पाते उलटे, म्हणजे उतार वर करून बसवितात. तसे केल्याने पात्याची बैठक फार सपाट ठेवता येते. साध्या लहान रंध्यात ती २० अंशांची असते, आणि टोके तासण्यासाठी मुद्दाम बनविलेल्या रंध्यात अवघी १२ अंशांची. धारेला २५ अंशांचा उतार दिला असे धरले, तर पहिल्या रंध्यात लाकडाला भिडणारा कोन २० आणि २५ मिळून ४५ अंशांचा होतो, दुसऱ्यात १२ आणि २५ मिळून ३७ अंशांचा. आठ अंशांचा हा फरक कागदावर क्षुल्लक वाटतो, पण फळीच्या टोकावर हात चालविणाऱ्याला तो तत्काळ जाणवतो. कमी कोनाची धार तंतूंना पुढे ढकलून वाकवीत नाही. ती त्यांच्या बुडाशी शिरून त्यांना छेदते. श्रम कमी पडतात, आणि कापलेला भाग पांढुरका, भरड न राहता चकचकीत निघतो.

तर मग सर्वच कामाला कमी कोनाचा रंधा का वापरू नये? हा प्रश्न नवख्याला पडतोच. त्याचे उत्तर फळीच्या लांब अंगावर सापडते. बैलाच्या पाठीवरून मानेकडून शेपटीकडे हात फिरविला, तर केस बसतात. उलट फिरविला तर उभे राहतात. फळीतील तंतूही असेच एका बाजूला किंचित कललेले असतात, आणि गाठीपाशी तर ते हाताच्या अंतरात दोनदा दिशा बदलतात. अशा उलट्या जागी कमी कोनाची धार तंतूंच्या खाली घुसते आणि कापण्यापूर्वीच त्यांना उचकटते. पृष्ठभागावर खवले उठतात. तेथे कोन उभा असलेला बरा. पाते उलटे बसविण्याचा दुसरा लाभ येथे उपयोगी पडतो: बैठक बदलता येत नसली तरी धारेचा उतार बदलता येतो. १२ अंशांच्या बैठकीवर ४० अंशांचा उतार दिलेले दुसरे पाते चढविले, की कापण्याचा कोन ५२ अंशांचा होतो, आणि तोच रंधा गाठाळ शिसवीवरही निमूटपणे चालतो. मोठ्या रंध्यात ही सोय नाही. तेथे उतार खाली असल्यामुळे धार कितीही बदलली तरी लाकडाला भिडणारा कोन बैठकीचाच राहतो.

धातूच्या लहान रंध्यांचा प्रसार अमेरिकेतून झाला. लेनर्ड बेली नावाच्या कारागिराचे रंध्यांचे हक्क स्टॅन्ले या कंपनीने १८६९ साली विकत घेतले, आणि त्यानंतरच्या दहा वर्षांत या कंपनीचे लहान रंधे बाजारात आले. त्यांची घडण पुढे जगभर उचलली गेली. आज दुकानात जे लहान रंधे दिसतात, ते बहुतेक त्याच कुळातले.

त्यांतही उतरंड आहे. सर्वांत साधा जो असतो, त्यात पात्यावर एक टोपी आणि ती आवळणारा स्क्रू, एवढेच. पाते किती बाहेर काढावयाचे ते हातानेच ठरवावे लागते. हलक्या हातोडीने पात्याच्या मागे टिचकी मारली की ते पुढे येते, रंध्याच्या पाठीवर मारली की मागे जाते. या खटपटीला शिकाऊ मुले कंटाळतात. दुसऱ्या प्रकारात मागे एक फिरकी असते. ती फिरविली की पाते केसभर पुढे किंवा मागे सरकते. एक बारीक दांडी पात्याला डावीकडे-उजवीकडे कलवून धार तळाशी समांतर आणते. याहून वरच्या रंध्यात तोंडही लहान-मोठे करता येते. तळाचा पुढचा तुकडा सुटा असून तो पात्याच्या जवळ आणता येतो. तोंड अरुंद केले, म्हणजे पात्याच्या अगदी पुढे लाकडावर दाब राहतो आणि तंतू उचकटण्यापूर्वीच कापले जातात. पैसे जर बेताचे असतील, तर फिरकीपेक्षा या सरकत्या तोंडाला अधिक मोल द्यावे. फिरकीचे काम हातोडीची टिचकी करू शकते. अरुंद तोंडाचे काम दुसरे काहीच तितके चांगले करीत नाही.

आणि गावच्या सुताराचा तो बाभळीचा किंवा शिसवीचा लाकडी लहान रंधा? त्याला जुनाट म्हणून हसणे सोपे आहे. लाकडाचा तळ लाकडावर जितका हलका सरकतो, तितका लोखंडाचा सरकत नाही. लोखंडी तळाला मधून मधून मेण चोळावे लागते. लाकडी रंधा हातातून फरशीवर पडला तर कोपरा चेपतो, एवढेच. बिडाचा रंधा पडला तर त्याला तडा जातो. बीड हे कठीण पण ठिसूळ. कमी कोनाच्या रंध्यात तर बैठकीची कड तोंडापाशी कागदासारखी निमुळती झालेली असते, आणि टोपीचा स्क्रू जोर करून आवळला तरी ती तुटू शकते. लाकडी रंध्याचा तळ झिजला, तोंड फाकले, तर सुतार त्यात कठीण लाकडाचा तुकडा बसवून स्वतःच ते दुरुस्त करतो. त्याचे पाते कित्येक ठिकाणी गावच्या लोहारानेच जुन्या कानशीपासून घडविलेले असते. उणेपण आहे ते दुसरीकडे. पात्याची बैठक उभी असल्यामुळे फळीच्या टोकावर तो जड चालतो, आणि ज्या पावसाने दार फुगते त्याच पावसाने रंध्याचा ठोकळाही फुगून पाचर अडकून बसते.

या लहानशा हत्याराची मोठी परीक्षा मुरगूडपासून दूर नसलेल्या कोल्हापुरात होत आली आहे. शिवाजी उद्यमनगर आणि आसपासच्या भागांतील ओतकामाचे कारखाने प्रसिद्ध आहेत. बिडाचा कोणताही भाग ओतावयाचा, तर प्रथम त्याची हुबेहूब प्रतिमा लागते. ती वाळूत दाबून पोकळी तयार करतात आणि त्या पोकळीत वितळलेले बीड ओततात. ही प्रतिमा दीर्घकाळ लाकडाचीच बनत असे. आता अनेक ठिकाणी ती यंत्रावर कोरलेल्या ॲल्युमिनिअमची वा राळेचीही असते, तरी लाकडी प्रतिमा अजून हद्दपार झालेली नाही. पिढ्यान् पिढ्या बैलगाड्या, नांगर आणि दारे-खिडक्या करणाऱ्या सुतारकीला या कामात नवे क्षेत्र मिळाले. लोखंडी नांगर आणि पुढे ट्रॅक्टर आल्यावर लाकडी अवजारांचे काम आटत गेले. ज्याच्या हातात रंधा पक्का होता त्याला कारखान्याचे दार उघडे राहिले.

परंतु हे काम दाराच्या कामाहून कडक. वितळलेले बीड थिजताना आकसते, मीटरमागे सुमारे १० मिलिमीटर. म्हणून प्रतिमा तेवढी मोठी करावी लागते. शिवाय ती वाळूतून उचलताना वाळू ढासळू नये यासाठी तिच्या उभ्या बाजूंना अंश-दोन अंशांचा उतार हवा. हा उतार करवतीने साधत नाही, मोठ्या रंध्याला तेथे जागा नसते, आणि प्रतिमेच्या अनेक बाजूंवर फळ्यांची कापलेली टोकेच येतात. अशा ठिकाणी कारागीर लहान रंधा घेतो आणि कागदाहून पातळ साल काढीत, पुन्हा पुन्हा मोजीत, रेघेपर्यंत येतो. दारात चूक झाली तर एक दार बिघडते. प्रतिमेत चूक राहिली, तर तिच्यापासून ओतलेल्या प्रत्येक भागात तीच चूक उतरते, आणि ती ध्यानात येईपर्यंत शेकडो ओतीव भाग पुन्हा भट्टीत घालण्याची पाळी येते.

रंधा कोणत्याही जातीचा असो, त्याचे सारे यश धारेवर आहे. बोथट झालेला महागडा रंधा आणि धार दिलेला साधा रंधा यांत दुसराच नेहमी जिंकतो. पाते प्रथम पाठीकडून निसण्यावर सपाट घासावे लागते; पाठ आरशासारखी झाल्यावाचून उतारावर घेतलेली मेहनत फुकट जाते. नंतर उतार निसण्यावर टेकवून, कोन न हलविता, पाते पुढे-मागे न्यावयाचे. थोड्या वेळाने पाठीच्या बाजूला धारेवर एक सूक्ष्म वळ बोटाला लागतो. तो आला म्हणजे धार टोकापर्यंत पोहोचली असे समजावे, आणि पाठ एक-दोनदा घासून तो काढून टाकावा. सागवानात वाळूसारखा एक कठीण अंश असतो, त्यामुळे त्याच्यावर धार लवकर मरते; सागवानी काम करणारा सुतार दिवसातून कित्येकदा निसण्याकडे वळतो, आणि त्याचा वेळ वाया जातो असे त्याला वाटत नाही. धार पाहण्याची त्याची रीत सोपी आहे. एखाद्या मऊ लाकडाच्या तुकड्याचे टोक तो तासून पाहतो. मऊ लाकडाचे तंतू आधार देत नाहीत, म्हणून बोथट पात्याखाली ते चुरडतात. तेथे पृष्ठभाग स्वच्छ निघाला तर धार खरी.

आता पुन्हा त्या अडलेल्या कवाडाकडे यावे. बिजागऱ्या तपासून झाल्या आहेत, चौकट कललेली आहे हे ठरले आहे, आणि कोपऱ्यापाशी किती लाकूड काढावयाचे याची पेन्सिलीची रेघ कवाडाच्या दोन्ही अंगांवर ओढलेली आहे. कवाड उतरवून आडवे टेकविले आहे. सुतार प्रथम ज्या कोपऱ्याकडे रंधा संपणार, तेथील धार तिरपी उतरवून घेतो, रेघेपर्यंतच; म्हणजे फाकण्यासाठी तेथे सुटे तंतूच उरत नाहीत. काम नाजूक असेल तर तो कोपऱ्याला पाठीमागून लाकडाचा एक टाकाऊ तुकडा शिकंजाने आवळतो. मग फाकलेच तर ते त्या तुकड्याचे तंतू फाकतात, कवाडाचे नव्हे. सर्व रुंदी उतरवावयाची झाली, तर तो रंधा एका टोकाकडून मध्यापर्यंत आणि मग दुसऱ्या टोकाकडून मध्यापर्यंत चालवितो, कडेबाहेर कधीच नेत नाही. वाळून दगड झालेल्या टोकावर तो ओले फडके फिरवितो. ओलसर तंतू सुखाने कापले जातात. रंधा तो सरळ ढकलीत नाही. हात थोडा तिरपा ठेवून ढकलला, म्हणजे धार लाकडावरून सुरीसारखी सरकत जाते. सुरुवातीला दाब पुढच्या बोटावर, मध्ये सारखा, शेवटी तळहाताच्या मागच्या भागावर. एवढी गोष्ट हाताला लागावयास शिकाऊ मुलाला काही महिने लागतात, आणि ती सांगून कळत नाही.

रेघेच्या अर्धा मिलिमीटर अलीकडे तो थांबतो. कवाड पुन्हा चढवून पाहतो. चौकट आणि कवाड यांच्यात एक नाणे सगळीकडून सरकले तर पुरे. याहून अधिक काढले, तर लाकूड सुकल्यावर उन्हाळ्यात तेथून वारा येईल. तासलेल्या उघड्या टोकावर तो तेलाचा वा वार्निशाचा हात देण्यास सांगतो, कारण लाकूड ओलावा पितो तो सर्वांत अधिक त्याच बाजूने. घरची माणसे हे काम पुष्कळदा उद्यावर टाकतात, आणि दोन पावसाळ्यांनी त्याच सुताराला पुन्हा बोलावणे जाते.

काम संपल्यावर तो रंधा पालथा ठेवीत नाही, उताणाही नाही. धार कशालाही लागणार नाही अशा बेताने तो एका कुशीवर टेकवितो, पाते आत ओढून घेतो, लोखंडी तळावर तेलाचे फडके फिरवितो, आणि पायाशी पडलेल्या लांब, कुरळ्या साली गोळा करून चुलीच्या पेटवणासाठी घरातल्या माणसांच्या हवाली करतो. बाहेर पावसाची सर आलेली असते. दार मात्र एका बोटाने लागते.